निरोपांचं गाणं

“मला तो पिक्चर बघायचाय,” आई म्हणाली. “आपण चौघांनी बसून. साडी नको, केक नको, हॉटेल तर बिल्कुल नको.”

डिसेंबर सुरू झाला होता. राजेंद्र नगरच्या आईबाबांच्या घरी मी स्वयंपाकघरात गराडू सोलत बसले होते. आमच्या इंदूरच्या थंडीतला हा कंद तळून, वर जीरावन मसाला भुरभुरून खायला जितका छान, तितकाच सोलायला कटकटीचा. हाताला आधी तेल चोळलं नाही तर खाज सुटते. आईच्या सत्तराव्या वाढदिवसाला काय करायचं, असं मी सहज विचारलं होतं. कुठला पिक्चर हे विचारायची गरज नव्हती. आमच्या घरात ‘तो पिक्चर’ एकच. पण ‘चौघांनी’ हा शब्द ऐकला आणि माझी सुरी थांबली.

“दादालाही बोलवायचं?”

“माझ्या वाढदिवसाला माझा मुलगा येईल,” आई म्हणाली. “यात विचारायचं काय?”

विचारण्यासारखं पुष्कळ होतं. बाहेरच्या खोलीत बाबा पेपर वाचत होते आणि पान उलटल्याचा आवाज बराच वेळ आला नव्हता, म्हणजे ते ऐकत होते. दादा पुण्याला असतो. बाबा त्याच्याशी सहा वर्षं बोलले नव्हते.

तो पिक्चर आम्ही पहिल्यांदा पाहिला तेव्हा आम्ही बडा गणपतीजवळ भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. बाबांची नोकरी सरकारी खात्यात, जवळच्या हातोद गावी. रोज संध्याकाळी ते बसने यायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत गल्लीतली चार घरं मिळून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायची. तसाच एकदा तो पिक्चर आला आणि बाबा त्याच्या प्रेमातच पडले. पुढे आमच्या घरी स्वतःचा व्हीसीआर आला तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी त्याची कॅसेट मिळवली. मग दर सुट्टीत, दर आजारपणात, दर पाहुण्याबरोबर तो पिक्चर.

गोष्ट साधी. एक बाप, त्याची बायको, चार मुलं आणि एक जुनी रंगवलेली बस. ही मंडळी जत्रेजत्रेतून गाणी म्हणत फिरतात. बाप पेटी वाजवतो, मुलं गातात. मधेच एका जत्रेत थोरली मुलगी गायला नाही म्हणते. बाप चिडतो, तिच्याशी बोलणं टाकतो. ती घर, म्हणजे बस, सोडून जाते. शेवटी मोठ्या मेळ्यात बाप एकटाच गात असताना गर्दीतून तिचा आवाज येतो. ती गात गात स्टेजवर चढते आणि बाप पेटी सोडून तिला पोटाशी धरतो. बाबा इथे दर वेळी चष्मा काढून पुसायचे. आम्हीही रडायचो आणि रडून झाल्यावर फार बरं वाटायचं.

बाबाही पेटी वाजवायचे. मराठी मंडळाच्या गणपतीत ते आम्हा दोघांना घेऊन बसायचे. दादा गायचा, मी मागून साथ करायचे. “ही आपली बस,” असं ते मंडळातल्या लोकांना सांगायचे आणि आम्हाला खरोखरच आपण त्या पिक्चरमधले आहोत असं वाटायचं.

पण आमचं सगळ्यात लाडकं गाणं शेवटचं नव्हतं. मधलं होतं. बाप आणि थोरली बोलत नाहीत, तेव्हाचं. बाप बसमध्ये पुढे ड्रायव्हरशेजारी बसलाय, मुलगी सगळ्यात मागच्या बाकावर. बाप बायकोला सांगतो, तिला सांग अमुक. बायको पदर खोचून मागे धावते. मुलगी सांगते, त्यांना सांग तमुक. बायको पुढे धावते. गाण्याची लय वाढत जाते, बस खड्ड्यांतून उडतेय, बायको धडपडतेय, कुणाच्या मांडीवर पडतेय, शेवटी निरोपांची सरमिसळ होऊन सगळा गोंधळ. आम्ही हसून लोळायचो. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी ते गाणं केलं होतं. आईचं लुगडं नेसून मी स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावले आणि मला बक्षीस मिळालं.

मला ते चांगलं जमणारच होतं. घरी रोजचा सराव होता.

बाबांनी आम्हाला कधी हात लावला नाही. हे ते आजही अभिमानाने सांगतात आणि ते खरं आहे. ते फक्त बोलणं बंद करायचे. दादाला गणितात कमी मार्क पडले, बोलणं बंद. दादाने गणपतीत गायला कां-कूं केलं, बोलणं बंद. कधी दोन दिवस, कधी दोन आठवडे. दादा समोर बसलेला असायचा आणि बाबा मला म्हणायचे, “त्याला सांग, सायकल आत घे.” मी दादाकडे वळून म्हणायचे, “दादा, सायकल आत घे.” दादा म्हणायचा, “घेतली म्हणून सांग.” कधी हा अबोला आईच्या वाट्याला यायचा. तेव्हा मी स्वयंपाकघर ते बाहेरची खोली अशा फेऱ्या मारायचे. बाबा विचारतायत भाजी कुठली. आई म्हणते दोडका. बाबांना आवाज उंच करायची गरजच पडायची नाही. संध्याकाळी जिन्यावर त्यांचे बूट वाजले की आम्ही पहिल्या वाक्याची वाट बघायचो. ते आमच्याकडे बघून बोलले की घर मोकळं व्हायचं.

माझ्याशी बाबा कधीच बोलायचे थांबले नाहीत. निरोप न्यायला कुणीतरी लागत होतं.

सहा वर्षांपूर्वी आईच्या पोटात दुखायला लागलं. बाबांच्या ओळखीचे एक म्हातारे डॉक्टर होते, आम्हाला लहानपणापासून तेच औषध द्यायचे. त्यांनी गॅस आहे म्हणून गोळ्या दिल्या. दुखणं जाईना, ताप यायला लागला. बाबांचं एकच, “त्यांनी सांगितलंय ना आठवडाभर बघू. मग बघू.” मी एका औषधांच्या कंपनीत ऑफिसात काम करते, तिथल्या कुणाला तरी विचारून मीही म्हटलं की सोनोग्राफी करू या. बाबांनी मान हलवली आणि विषय संपला. त्यानंतर एका सकाळी बाबा फिरायला गेले असताना दादा पुण्याहून रातोरात गाडी चालवत आला, आईला उचलून गाडीत बसवलं आणि थेट मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. पित्ताशयात खडे होते, आत पू झाला होता. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. आणखी थांबला असतात तर अवघड होतं, असं तिथल्या डॉक्टरांनी बाबांच्या तोंडावर सांगितलं.

बाबांनी आईचं डबा-पाणी सगळं केलं. दवाखान्यात रात्री तेच झोपले. पण दादाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणाले, “त्याला सांग, माझ्या घरातून माझ्या बायकोला मला न विचारता उचलून न्यायचा अधिकार त्याला कुणी दिला?” मी दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये चार पावलं चालले आणि दादाला ते सांगितलं. त्याने नुसती मान खाली घातली. मला वाटलं, त्यालाही आपलं चुकल्यासारखं वाटतंय.

ही सहा वर्षं अशीच गेली होती. दादा वर्षातून एकदा यायचा, माझ्याकडे उतरायचा, आई माझ्याकडे येऊन त्याला भेटायची.

पिक्चर शोधायचं काम माझ्याकडे आलं. कॅसेट कधीच बुरशी लागून गेली होती. इंटरनेटवर शोधता शोधता एक धुरकट प्रिंट सापडली. कोपऱ्यात कुणाचा तरी फोन नंबर आणि मधेमधे आवाज एकदम चढणारा. नीट चालतोय ना बघावं म्हणून एका दुपारी, घरात कुणी नसताना, मी लावला.

सुरुवातीला मी खुळ्यासारखी हसत होते. ती बस आठवणीत केवढी मोठी होती, इथे टेम्पोएवढी दिसत होती. मग जत्रेचा सीन आला. थोरली गायला नाही म्हणते. माझ्या आठवणीत ती मुलगी उद्धट होती, मान उडवून नाही म्हणायची. स्क्रीनवर मात्र ती गळ्याला हात लावून सांगत होती की घसा दुखतोय. एकदा नाही, दोनदा. लहानपणी इतक्या वेळा पाहूनही हे मला ऐकूच आलं नव्हतं. आणि बाप ऐकत नव्हता. तो पेटीचा भाता बंद करून उठून गेला, बसमध्ये पुढे जाऊन बसला. आणि गाणं सुरू झालं.

बायको धावत होती. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिची भूमिका विनोदी होती आणि ती बाई विनोदी कामच करत होती, डोळे फिरवत, पदर सावरत. पण बापाकडे वाकून निरोप ऐकताना तिचा एक हात बाकाच्या दांड्याला घट्ट धरलेला होता आणि ती त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. ते बघणं मला ओळखीचं होतं. मी गाणं अर्धं ठेवून बंद केलं.

आईला फोन केला. “अगं, प्रिंट फार खराब आहे. दुसरा एखादा चांगला पिक्चर लावू का?”

“ते गाणं आहे ना त्यात? बसमधलं?”

“आहे.”

“मग झालं तर,” आई म्हणाली.

दादा शनिवारी संध्याकाळी आला आणि या वेळी आईने सांगून ठेवलं होतं की तो इथेच, राजेंद्र नगरलाच उतरेल. माझा नवरा लेकीला घेऊन त्याच्या आईकडे गेला होता. आईला फक्त आम्ही चौघंच हवे होतो, म्हणून मीही बॅग घेऊन तिथेच आले होते. दादाने बाबांना वाकून नमस्कार केला. बाबांनी पाय मागे घेतले नाहीत, तोंडातून काही काढलंही नाही. मग मला म्हणाले, “त्याला सांग, गाडी गेटच्या आत लावून घे. गल्लीत शर्माजींची गाडी निघत नाही.”

मी सांगितलं. दादाने गाडी आत घेतली. म्हणजे सगळं नेहमीसारखं चालू झालं होतं.

रविवारी दुपारी जेवणं झाली. आईने नवीन नाही, जुनीच मोतिया रंगाची साडी नेसली होती. बाबा त्यांच्या खुर्चीत बसले, दादा दिवाणावर, आई दोघांच्या मधे सोफ्यावर, मी दाराजवळच्या स्टुलावर. दादाने मोबाइल टीव्हीला जोडला. आवाजाचं बटण त्याच्याच हातात होतं.

पहिली वीस-पंचवीस मिनिटं इतकी चांगली गेली की मला वाटलं, निभावलं. दादा गुणगुणायला लागला. बाबांची बोटं खुर्चीच्या हातावर पेटी वाजवत होती, त्यांना ते कळतही नसावं. एका जागी दोघं एकाच वेळी हसले आणि एकाच वेळी थांबले. आई टीव्हीकडे बघत नव्हती. मांडीवर हात ठेवून ती समोरच्या भिंतीकडे बघत बसली होती, बस यायची वाट बघत बसल्यासारखी.

मग जत्रा आली. मुलीने गळ्याला हात लावला.

“हिचा घसा बसलाय,” दादा हळूच म्हणाला. “हे आपल्याला कधी कळलंच नाही.”

बाप उठून गेला. गाणं सुरू झालं आणि त्या खराब प्रिंटचा आवाज एकदम चढला. ढोलकी, टाळ्या, बायकोची धावाधाव. तिसऱ्या का चौथ्या फेरीला बाबा म्हणाले, “त्याला सांग, आवाज कमी कर.”

टीव्हीवर तोच सूर चालू होता. तिला सांग. त्याला सांग.

दादा माझ्याकडे बघत होता. बाबा टीव्हीकडे बघत होते. मी तोंड उघडलं आणि मला जाणवलं की मी स्टुलावरून अर्धी उठलेय. पंचेचाळीस वर्षांची बाई, सहा फुटांवर बसलेल्या भावाला निरोप द्यायला उठलेय.

“बाबा, तो समोर बसलाय,” मी म्हटलं. “तुम्हीच सांगा ना.”

बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, शब्दही न बदलता. “त्याला सांग, आवाज कमी कर.”

दादाने आवाज कमी केला नाही. मी बसले नाही, उभीही राहिले नाही. गाणं वेगात येत होतं, बायको कुणाच्या तरी मांडीवर पडली, बसमधले सगळे खदखदून हसले.

आई उठली. तिने दादाच्या हातातून मोबाइल घेतला, दोन-तीनदा कुठेतरी बोट दाबलं आणि गाणं एकदाचं थांबलं. टीव्हीवर त्या बाईचा उघड्या तोंडाचा चेहरा तसाच राहिला.

“मीच बोलावलं होतं त्याला,” आई म्हणाली.

कुणालाच काही समजलं नाही. बाबा म्हणाले, “क्या? कशाला बोलावलं होतं?”

“तेव्हा. पोटात दुखत होतं तेव्हा. तुम्ही दूध आणायला गेला होतात, मी त्याला फोन केला. म्हटलं, मला इथून ने, मी मरेन. तो स्वतःहून नव्हता आला.”

बाबा बघत राहिले.

“आणि मीच म्हटलं त्याला, माझं नाव घेऊ नकोस. शपथ घातली. सहा वर्षं त्याने सगळं ऐकून घेतलं.”

“मला का नाही सांगितलंस?” बाबांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला वाटलं, घसाच बसलाय. “मी काय... मला सांगायचं होतं ना.”

“सांगत होते. रोज सांगत होते, दुखतंय. तुम्ही म्हणत होतात, आठवडाभर बघू.” आईने पदराने तोंड पुसलं. ती रडत नव्हती. “आणि नंतर सांगितलं असतं तर तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलं असतंत. तो पुण्याला होता, त्याला सहन करता आलं. मला याच घरात राहायचं होतं.”

मला उगाच काहीतरी बोलावंसं वाटलं. मी म्हटलं, “आई, मी तर इथेच होते. दहा मिनिटांवर. मला का नाही केलास फोन?”

आईने माझ्याकडे वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. “तू आधी बाबांना विचारलं असतंस, बाळा,” ती म्हणाली.

मी स्टुलावर बसले.

“आता एक सांगते,” आई पुन्हा बाबांकडे वळली. “तुम्हाला माझ्याशी बोलायचं नसेल तर नका बोलू. माझ्याच्याने होईल तेवढं मी सोसेन. पण या घरात यापुढे कुणाचा निरोप कुणी नेणार नाही. ही पण नाही, मी पण नाही.”

बाबा उठले. खुंटीवरचं मफलर घेतलं, चपला घातल्या आणि बाहेर गेले. गेट लावल्याचा आवाज आला. ते नेहमीसारखंच, कडी नीट घालून लावलं होतं.

मी दादाला म्हटलं, “जा ना मागे. थंडी आहे.”

“मी गेलो तर काय बोलणार?” दादा म्हणाला. त्याने चेहरा दोन्ही हातांनी चोळला. “मला सवयच नाही गं राहिली.”

“तू मलाही सांगितलं नाहीस.”

“तुला सांगितलं असतं तर तू त्यांना सांगितलं असतंस. मेरे को बचाने के लिए.” इतक्या वर्षांत पुण्याची झालेली त्याची भाषा एका वाक्यात परत इंदूरला आली. “तुला राहवलंच नसतं.”

ते खरं होतं. आई स्वयंपाकघरात गेली होती आणि गराडू तळायला तेल तापवत होती. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले, तिने माझ्या हातात झारा दिला. कढईत फोडी टाकताना तिच्या बांगड्या जरा जास्त वाजत होत्या, एवढंच. मला एकच भीती होती, की बाबा परत येतील आणि आता आईशी बोलणार नाहीत. या वयात, दोघंच राहत असताना. दिवसच्या दिवस. मी मनातल्या मनात रजेचा हिशोब करायला लागले, की किती दिवस इथे राहता येईल.

अंधार पडायच्या सुमाराला बाबा आले. कुठे होते हे त्यांनी सांगितलं नाही. नंतर शेजारणीने सांगितलं, कॉलनीच्या बगिच्यात बाकावर बसले होते, कुणी हाक मारली तरी ओ देत नव्हते. आत आल्यावर त्यांनी मफलर खुंटीला लावलं, हात धुतले आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. आईची पाठ होती.

“तेल फार तापलंय,” बाबा म्हणाले. “धूर येतोय.”

आईने वळून न बघता गॅस बारीक केला. “बसा,” ती म्हणाली. “देते.”

ते आईशी बोलले होते.

दादाशी मात्र नाही. रात्री जेवताना लसणाची चटणी दादाच्या ताटाजवळ होती. बाबांनी एकदा तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी ताटात बघत राहिले. दादानेही वाटी पुढे केली नाही. त्याला करायची होती, त्याचा हात हललेला मी पाहिला, पण आईने डोळ्यांनी त्याला थांबवलं. शेवटी बाबा उठले, टेबलाला वळसा घालून गेले, चटणी वाढून घेतली आणि परत येऊन बसले. कुणी हसलं नाही.

सकाळी दादा लवकर निघणार होता. गल्लीत एका बाजूला शर्माजींची नवी गाडी, दुसऱ्या बाजूला कुणीतरी विटांचा ढीग टाकलेला. दादाला गेटमधून गाडी मागे घ्यायची होती. आई डब्यात थालीपीठ भरून देत होती, मी गेट उघडं धरून उभी होते. बाबा स्वेटर आणि माकडटोपी घालून ओट्यावर उभे होते, जणू नुसते ऊन खायला आले असावेत, आणि अजून ऊन आलंही नव्हतं.

गाडी मागे यायला लागली. विटा दादाला दिसत नव्हत्या. मला दिसत होत्या, पण त्या क्षणी तोंडातून काही फुटेना.

“अरे थांब! थांब!” बाबा ओट्यावरून उतरत ओरडले. “डावीकडे काट. डावीकडे म्हटलं ना!”

दादाने ब्रेक लावला. काच खाली झाली. “डावीकडेच काटतोय, बाबा.”

“त्याला डावं म्हणतात? पुरं फिरव. अजून. अजून. हां, आता ये सरळ.” बाबा गाडीमागे चालत, हाताने बोलावत गल्लीच्या मध्यापर्यंत गेले. गाडी बाहेर निघाली. बाबांनी टपावर दोनदा थाप मारली. मग खिडकीशी वाकून, कुणाकडे नीट न बघता म्हणाले, “सेंधव्याच्या घाटात ट्रकच्या मागे राहा, ओव्हरटेक करत बसू नको. धुळ्याला पोचलास की फोन कर.”

“करतो,” दादा म्हणाला.

दुपारी फोन वाजला तो बाबांचा. मी ऑफिसला जायची थांबले होते. बाबांनी नाव बघितलं, चष्मा नीट केला आणि स्वतः उचलला. “हं. पोचलास? काही खाल्लंस? बरं.” एवढंच बोलून त्यांनी ठेवला.

त्याला आता काही महिने झालेत. माफी वगैरे कुणी मागितलेली नाही आणि बाबा मागतील असं मला वाटतही नाही. दादा रविवारी फोन करतो, बाबा त्याला टायरमधली हवा, पुण्याचं ट्रॅफिक असलं काहीतरी विचारतात. दोघांनाही दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त बोलणं सुचत नाही. तो पिक्चर आम्ही पुढे लावला नाही आणि कुणी त्याचं नावही काढत नाही. मीही स्वतःला शिकवतेय. परवा लेकीने विचारलं, “पप्पांना विचार ना, मी ट्रिपला जाऊ का?” मी म्हटलं, “तूच जा, विचार.” तिला आश्चर्य वाटलं, मलाही जरा कठोर झाल्यासारखं वाटलं, पण मी उठले नाही.

गेल्या आठवड्यात मी आईबाबांकडे गेले होते. आई वाटाणे सोलत होती, बाबा समोर पेपर घेऊन बसले होते. पेपर त्यांनी कधीचा खाली ठेवला होता. मधेच, काही संदर्भ नसताना, त्यांनी आईला विचारलं, “तेव्हा फार दुखत होतं का?”

आईने मान वर केली. कधीचं, हे तिने विचारलं नाही.

“हो,” ती म्हणाली. “फार.”

बाबांनी मान हलवली. मग खुर्ची थोडी पुढे ओढून त्यांनी शेंगांच्या ढिगातून मूठभर शेंगा आपल्याकडे घेतल्या आणि सोलायला लागले.